दूधवाल्याच्या गाडीला ज्योत का नाही?

"मागे सरा, मागे सरा! ज्योत लहान-थोर बघत नाही!" फुंकरबाबा ओरडला, आणि सगळी गर्दी मागे सरायच्या ऐवजी पुढे सरकली.

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत मुंगीला शिरायला वाट नव्हती. टॅक्सीवाले, टेम्पोवाले, त्यांच्या घरची माणसं, आणि ज्यांच्याकडे साधी सायकलही नाही असे पुष्कळ हौशे. मधोमध एक म्हातारी टॅक्सी बॉनेट उघडून उभी होती. तिच्यासमोर फुंकरबाबा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. अंगावर ग्रीसचा एक ठिपका नसलेला मिस्त्री मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

"ड्रायव्हर, दाब पाय! दाब! अजून दाब! रडू दे तिला, मोकळी होऊ दे! हं... आता सोड!"

ड्रायव्हरने पाय सोडला. बाबाने वाकून इंजिनावर फुंकर मारली. फट्ट! टॅक्सीच्या मागे, सायलेन्सरच्या तोंडातून, हातभर लांब निळी-पिवळी ज्वाळा बाहेर आली आणि आत गेली.

मी इतक्या झटक्यात मागे झाले की हातातलं बाळ दचकून रडायला लागलं आणि माझी टाच शेजारच्या बाईंच्या पायावर पडली.

"अगं, घाबरतेस काय? इंजिनाचा आत्मा आहे तो!"

"मावशी, मला तर आग दिसतेय."

"दिसायला दृष्टी लागते, बाई."

बाबाने हात पसरले. "मंडळी, मिस्त्री तुम्हाला काय विचारतो? किती हॉर्सपॉवर? किती सीसी? अरे, घोडा मोजायचा असतो का? घोडा मोकळा सोडायचा असतो! आई लेकराला दूध पाजते ती मापून पाजते का?"

"नाही!" गर्दी एका सुरात.

माझ्या पिशवीत बाळाची बाटली होती आणि तिच्यावर मिलीच्या रेघा होत्या. मी मापूनच पाजत होते. पण हे त्या गोंधळात सांगणार कोणाला?

बाबा गाडीचा हवेत पेट्रोल मिसळणारा जुना कार्ब्युरेटर काढून टाकायचा आणि त्या जागी एक चकचकीत डबा बसवायचा. डब्यात पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर, आणि त्यांना कधी उघडायचं, किती वेळ उघडायचं ते सांगणारी एक छोटी पेटी. सगळ्या डब्याचं नाव 'प्राणपेटी'. रिक्षाएवढ्या इंजिनाची व्हॅन असो की हत्तीएवढा ट्रक, डबा तोच. "तत्त्व एक, पेटी एक!" असं तो म्हणायचा, आणि लोक माना डोलवायचे.

त्या दिवशी टॅक्सीनंतर दूधवाले काकांचा नंबर आला. त्यांची गाडी म्हणजे लिलावात घेतलेला जुना पेट्रोल ट्रक, धूड नुसतं. बाबाने "दाब! सोड!" केलं, फुंकर मारली. काही नाही. पुन्हा मारली. गाल फुगवून मारली. ट्रक मांजरासारखा गुरगुरत शांत उभा राहिला.

बाबाने डोळे मिटले. "दूधवाले, तुमच्या मनात किंतु आहे."

"नाही हो बाबा, लेकरांची शपथ!"

"पेटी खोटं बोलत नाही."

एवढा मोठा माणूस मान खाली घालून गर्दीतून निघून गेला. कोणीतरी मागून म्हणालं, "दुधात पाणी घालत असणार." लोक हसले. माझा नवरा हसला नाही. तो त्या टॅक्सीच्या सायलेन्सरकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत चमक होती.

माझा नवरा शाळेची व्हॅन चालवतो. व्हॅन आमचीच. सकाळी नऊ मुलं कोंबून तो चढावरच्या शाळेत नेतो, दुपारी आणतो. त्यातली एक आमची पाच वर्षांची भिंगरी. मागच्या सीटवर, मधोमध, ही तिची जागा. त्या जागेसाठी ती भांडते.

"चढावर गाडी दम टाकते," तो घरी म्हणाला. "पेटी बसवली की सुटलो."

"त्यातून आग निघते."

"तुला कशाची भीती वाटत नाही ते सांग. ती यादी छोटी होईल."

हे खरं होतं. मी भित्री आहे, हे घरात सर्वमान्य आहे. त्यामुळे मी खरोखर घाबरते तेव्हाही कोणाला वेगळं काही वाटत नाही.

पेटी बसली. आणि सांगायला हवं, पहिले काही दिवस व्हॅन खरंच पळाली. नवरा शीळ घालत घरी यायचा. गल्लीत मुलांना जमवून "दाब, सोड" करून ज्योत दाखवायचा, आणि भिंगरी टाळ्या पिटायची.

मग वास सुरू झाला. त्याच्या शर्टाला पेट्रोलचा वास, भिंगरीच्या केसांना पेट्रोलचा वास. व्हॅनच्या मागच्या पत्र्यावर काजळी धरली. भिंगरी शाळेतून आली की म्हणायची, "आई, डोकं गच्च झालंय." एकदा तिला गाडीतच उलटी झाली. मी रोज व्हॅन परत यायच्या वेळी खिडकीत उभी राहायचे, आणि वळणावर गाडीचा आवाज ऐकू आला की मगच तिथून हलायचे.

एक दिवस नवरा धावतच आत आला. "ये, बघ, चमत्कार!" त्याने बॉनेट उघडून इंजिनातलं तेल बघायची सळी बाहेर काढली. "तेल वाढलंय! मी थेंबभर घातलं नाही. बाबा म्हणालाच होता, श्रद्धा असेल तर ज्योत बाहेर आणि बरकत आत."

सळीवर तेल खुणेच्या बरंच वर होतं. पाण्यासारखं पातळ.

"आपोआप कसं वाढेल?"

"तोच तर चमत्कार!"

त्याच आठवड्यात ती म्हातारी टॅक्सी चढावर पेटली. प्रवासी उतरून गेले होते म्हणून वाचले, टॅक्सीवाल्याचा हात मनगटापर्यंत भाजला. मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. फुंकरबाबाने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "त्याने पेटी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली. परक्या हाताने प्राण कोपतो." झालं! आता लोक पेटीला भ्यायला लागले. काढायला तर त्याहून जास्त.

"मी नाही काढणार," नवरा म्हणाला. "गाडी मेली तर आपण खायचं काय?"

मी भिंगरीला ताप आहे असं खोटंच सांगून घरी ठेवलं. व्हॅन गेली. मी दार लावून घेतलं आणि तिथेच बसले. माझी एक घरी होती. बाकीची आठ? तिच्या रिकाम्या जागेवर आज कोणाचं तरी दुसरं लेकरू हौसेने जाऊन बसलं असेल, हे मनात आलं आणि मी उठून नणंदेला फोन लावला.

नणंद दूरच्या गावी तांत्रिक शाळेत इंजिनं शिकवते. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणतात. ती बसने आली, दारातच थांबली आणि नाक वर केलं.

"वहिनी, घरात पेट्रोल पंप काढलात का?"

नवरा व्हॅन घेऊन आला तशी ती पुढे झाली, सळी काढली, बोटावर तेल घेऊन नाकाशी नेलं.

"दादा, हे वाढलेलं तेल नाही. हे पेट्रोल आहे. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली गळतंय, तेलात मिसळतंय. तुझी बरकत इंजिन खाऊन टाकतेय."

"आणि ज्योत?"

"तेच पेट्रोल. इंजिनात जळलं नाही, ते सायलेन्सरमध्ये जाऊन जळतंय. पाय सोडला की हमखास." तिने बाळाची बाटली उचलली. "वहिनी, याला तीन महिन्यांच्या बाळाचं निपल लावता की वर्षाच्या?"

"तीन महिन्यांच्या. मोठ्या भोकाचं लावलं तर ठसकतो, नाकातून दूध येतं."

"हेच. व्हॅन ठसकतेय. नाकातून दूध येतंय, आणि गाव म्हणतंय वा, काय चमत्कार."

नवऱ्याने सळी पुसून परत जागेवर लावली. पण मला एक गोष्ट टोचत होती. "मग दूधवाले काकांच्या गाडीला ज्योत का नाही? डबा तर तोच आहे."

मास्तरीण थबकली. "त्यांची गाडी कोणती?"

मी सांगितलं. ती तोंडावर हात दाबून हसायला लागली. "अहो वहिनी, अख्ख्या गावात ज्या एकाच गाडीला ते निपल बरोबर बसलं, त्या माणसाला या लोकांनी पापी ठरवलंय!"

आम्ही दूधवाले काकांकडे गेलो. बिचारे रडकुंडीला आले होते. "गाडी झकास पळते हो, पूर्वीपेक्षा दुप्पट. पण ज्योत येत नाही ना! लोक दूध घेईनात."

नवऱ्याला तयार करणं मात्र अवघड गेलं. "परका हात लागला तर प्राण जाईल," हे त्याचं पालुपद. शेवटी माझा बांध फुटला.

"गाडीचा प्राण जाईल म्हणून भितोस, आणि मागे बसणाऱ्या नऊ लेकरांचा? त्यांचा तुला काही हिशेब आहे?"

मग त्याने व्हॅनची किल्ली बहिणीच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुटी होती. बाबाच्या अंगणात नेहमीसारखी गर्दी. मी बाळाला घेऊन कडेला उभी, भिंगरीचा हात माझ्या मुठीत. दूधवाले काका मास्तरणीने शिकवलं होतं तसं बोलले.

"बाबा, मला ज्योत द्या. या व्हॅनला ज्योत येते, तर हिची पेटी माझ्या ट्रकला बसवून बघू का?"

बाबा खूश. "बसव! तरीही येणार नाही. खोट पेटीत नाही, तुझ्यात आहे."

"आणि काकांची पेटी व्हॅनला बसवली तर?" मास्तरणीने सहज विचारलं.

"संशयी माणसाची पेटी? व्हॅनची ज्योतही विझेल!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं!" गर्दी म्हणाली. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो?

मास्तरणीने पदर खोचला आणि पाने हातात घेतले. तिने आणि नवऱ्याने दोन्ही गाड्यांचे डबे उतरवले. डबे सुटे झाले तशी तिने सगळ्यांच्या विड्या विझवायला लावल्या, लोकांना लांब हटवलं आणि मला हाक मारली. मी पिशवीतून बाळाच्या चार जुन्या बाटल्या काढल्या.

"बाळाच्या बाटल्या!" बाबा खदखदून हसला. "इंजिनाला अंगाई पण गाणार का?"

"गाऊ की. आधी जेवण मोजू," मास्तरीण म्हणाली. प्रत्येक इंजेक्टरखाली एक बाटली धरून, इंजेक्टर पूर्ण उघडे ठेवून तिने पेट्रोलचा पंप चालू केला आणि मिनिटभराने बंद केला. चारही बाटल्या अडीचशेच्या रेघेला टेकल्या होत्या. मग दुसरा डबा. तेवढंच. रेघ न् रेघ तीच.

"म्हणजे दोन्ही डबे जुळे भाऊ," ती मोठ्याने म्हणाली. "ना एक श्रद्धावान, ना एक संशयी. आता ऐका. पूर्ण जोर लावला की एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण पाच मिली पेट्रोल लागतं. व्हॅनचं इंजिन पंचेचाळीसचं. किती झाले?"

"सव्वादोनशे," गर्दीतून एक किराणावाला म्हणाला. हिशेब दिसला की त्याला राहवत नाही.

"चार इंजेक्टरांत वाटले तर छप्पन्न. इंजेक्टरला थोडा विसावा लागतो, म्हणून सत्तरचा घ्यायचा. आणि इथे बसवलाय अडीचशेचा! इंजेक्टर डोळ्याची पापणी लवेल एवढाच उघडला तरी या इंजिनाला पचेल त्याच्या कितीतरी पट ओततो. वर ती छोटी पेटीही मोठ्या इंजिनाचाच पाढा शिकून आलेली. आता काकांचा ट्रक. दीडशे हॉर्सपॉवर."

किराणावाला बोटं मोजायला लागला. "साडेसातशे... चारात एकशे सत्त्याऐंशी... विसावा धरून..." तो थांबला. "दोनशे पस्तीस. अहो, म्हणजे हे माप काकांच्या गाडीचंच आहे!"

"आकड्यांचा खेळ!" बाबा गरजला. "प्राण आकड्यात मावत नाही! बसवा पेट्या, बघू द्या लोकांना!"

दुपार कलेपर्यंत अदलाबदल झाली. पहिल्यांदा ट्रक. "दाब... सोड!" बाबाने फुंकर मारली. काही नाही.

"बघा!" बाबा ओरडला. "सांगितलं नव्हतं? पेटी बदलली, पण किंतु तोच!" टाळ्या पडल्या. काकांचा चेहरा उतरला. माझा हात भिंगरीच्या हाताभोवती एवढा आवळला गेला की ती "आई, दुखतंय" म्हणाली.

मग व्हॅन. आत नवरा बसला, बॉनेटखाली 'संशयी' पेटी. मास्तरणीने इंजिन चांगलं तापू दिलं. बाबा हाताची घडी घालून लांब उभा, फुंकर मारणार नाही म्हणून. नकोच होती.

"दाब दादा. दाब. अजून. आता सोड."

फट्ट! फट्ट! ज्वाळा निघाली ती हातभर नव्हे, दोन हात. पुढे बसलेली माणसं ओरडत उठली. टाळी एकही पडली नाही.

"पण... बाबा म्हणाला होता विझेल," कोणीतरी पुटपुटलं.

"मी इथे उभा आहे ना!" बाबा घाईघाईने म्हणाला. "माझ्या सान्निध्याने आली."

"मग मघाशी काकांच्या ट्रकसमोर तुमचा जुळा भाऊ उभा होता का?" मास्तरीण म्हणाली. लोक हसले, पण घाबरून हसले.

"आणि आमच्या गाड्या पळाल्या त्या?" एक टेम्पोवाला तावातावाने पुढे आला.

"पेटी बसवताना प्लग नवे घातले का? एअर फिल्टर बदलला का?"

"बदलला."

"मग त्यानेच पळाल्या. ते काम कोणीही करून देतं, फुंकर न मारता."

मी मात्र ऐकत नव्हते. मला वास आला होता. पेट्रोलचा नाही, दुसराच. करपल्याचा. दूध उतू जाऊन बुडाला लागल्यावर घरभर पसरतो तसला, पण त्यात रबर मिसळलेलं. मी ओरडले, "इंजिन बंद कर! बंद कर आधी!"

या वेळी 'तुला कशाची भीती वाटत नाही' असं कोणी म्हणालं नाही. नवऱ्याने किल्ली फिरवली, खाली उडी मारली, मागचं दार उघडलं. वास तिथूनच येत होता. त्याने मागची सीट दोन्ही हातांनी ओढून उपटली.

सीटच्या फोमला खालून ताटाएवढा काळा खड्डा पडला होता. त्याखालचा जाड लोकरी नमदा जळून भुगा झाला होता आणि त्याच्या कडेने अजून लाल ठिणगी सरकत होती. दूधवाले काकांनी धावत जाऊन ट्रकमधली पाण्याची बादली आणली, ओतली. चर्रर्र झालं. पत्र्याच्या बरोबर खालून सायलेन्सरची नळी जात होती. खड्डा मधोमध होता. एका पोराच्या बसण्याएवढा.

"माझी जागा!" भिंगरी म्हणाली.

नवरा तिथेच खाली बसला. त्याने त्या काळ्या फोमवर हात ठेवला. भाजलेल्या हाताचा टॅक्सीवाला गर्दीच्या कडेला उभा होता. तो पुढे आला आणि बाबाला एवढंच म्हणाला, "मी पेटी कोणाला दाखवली नव्हती. तुम्हाला माहीत होतं."

संध्याकाळपर्यंत अंगणात गाड्यांची रांग लागली, पेट्या बसवायला नव्हे, उतरवायला. एकच पेटी उतरवायची नाही असं ठरलं, ती दूधवाले काकांची. मोठ्या इंजिनांसाठी बनलेल्या डब्यांचा एक गठ्ठा बाबाने कुठूनतरी उचलला होता, आणि लहान-मोठं इंजिन बघायची अक्कल नव्हती म्हणून 'तत्त्व एक' झालं होतं. त्याच्या चुकीलाच त्याने चमत्कार म्हटलं, आणि आपण रांगा लावल्या.

इंजेक्टर वाईट नसतो. व्हॅनला मास्तरणीने मापाचे बसवून दिले, चढावर ती आता धूर न सोडता जाते. वाईट असतो तो सल्ला, की मोजू नका. औषधाचा डोस असो, बाळाचं दूध असो की गाडीचं पेट्रोल, ज्याने जीव जगतो ते मापानेच द्यावं लागतं. जो माणूस तुम्हाला माप विचारू देत नाही, त्याला स्वतःला ते ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून लपवायचं असतं.

मी अजूनही भित्री आहे. तुम्हीही घाबरत असाल, खुशाल घाबरा. फक्त घाबरून डोळे मिटू नका. वास आला तर विचारा, तेल आपोआप वाढलं तर बोटावर घेऊन बघा, आणि चमत्कार दिसला तर आधी सीट उचलून खाली काय आहे ते पाहा. त्या सीटवर आपलंच लेकरू बसलेलं असतं.